विल्यम आर्मस्ट्राँग आणि साठवलेला दाब

प्रश्न असा आहे : बंदिस्त द्रवातील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो हे पास्कल यांनी सतराव्या शतकातच मांडले होते आणि त्या तत्त्वावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट जोसेफ ब्रामा यांनी १७९५ साली घेतले होते, मग त्यानंतर अर्ध्या शतकाने काम सुरू करणारे विल्यम आर्मस्ट्राँग हे हायड्रॉलिक यंत्रांच्या इतिहासात इतके मोठे का मानले जातात, आणि त्यांच्या कामाचा आजच्या तेलावर चालणाऱ्या यंत्रणेशी काही संबंध उरला आहे का? हायड्रॉलिक प्रेस आणि पॉवर पॅक (पंप, मोटर व तेलाची टाकी यांचा संच) यांची रचना व देखभाल हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी यंत्राच्या बाजूने देतो. माझ्या मते आर्मस्ट्राँग यांचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे क्रेन नसून अ‍ॅक्युम्युलेटर आहे, म्हणजे दाबाखालचे पाणी साठवून ठेवणारे आणि त्या साठ्यावरून पंपाचा वेग आपोआप ठरवणारे साधन. त्यांची क्रेन समजून घेतली की अ‍ॅक्युम्युलेटरची गरज का पडली हे उलगडते, म्हणून त्याच क्रमाने पुढे जाऊ.

आधी ब्रामा यांच्या प्रेसची मर्यादा पाहू. लहान व्यासाच्या पंपातून पाणी मोठ्या व्यासाच्या सिलिंडरमध्ये ढकलले की क्षेत्रफळांच्या गुणोत्तराइतके बल वाढते, हे तत्त्व सोपे आहे. अवघड होते ते रॅमच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये सरकणाऱ्या जाड दांड्याच्या, भोवतीची गळती रोखणे, कारण फटीत भरलेले पॅकिंग सैल ठेवले तर पाणी निसटते आणि घट्ट आवळले तर रॅम मागे येत नाही. ब्रामा यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या हेन्री मॉडस्ली यांना ज्या चामड्याच्या कडीचे श्रेय दिले जाते, तिचा छेद उलट्या यू अक्षरासारखा होता. पाण्याचा दाब आत शिरून तिची कड रॅमवर दाबत असे आणि दाब उतरताच कड सैल होत असे. आज आपण सिलिंडरमध्ये बसवतो ती लिप सील याच कल्पनेवर चालते. ब्रामा यांच्या प्रेसमध्ये बल भरपूर होते, पण ते बल ज्या क्षणी हवे त्याच क्षणी कोणीतरी पंप मारत असावे लागे. जितके काम प्रेस करणार तितके काम त्याच वेळात पंपाच्या दांड्यावर व्हायला हवे, म्हणून मंद गतीच्या कामांसाठी ती उत्तम होती, परंतु बंदरात जहाजातून माल झपाट्याने उचलणे तिच्याकडून होणारे नव्हते.

आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८१० साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे झाला. ते व्यवसायाने वकील होते आणि यंत्रांचा नाद त्यांनी वकिली सांभाळून जोपासला. १८३५ साली डेंटडेल येथे मासेमारी करताना त्यांनी एका खाणीला शक्ती पुरवणारे पाणचक्र पाहिले. डोंगरावरून खूप उंचीवरून येणाऱ्या पाण्यापैकी त्या चक्राच्या वाट्याला केवळ चक्राच्या व्यासाइतकाच उतार येत होता आणि बाकीची ऊर्जा वाया जात होती. तेच पाणी बंद नळातून खाली आणले तर संपूर्ण उंचीचा दाब तळाशी मिळेल, हा विचार त्यांच्या मनात त्या वेळी रुजला. त्यांनी त्यावर लेखन केले आणि पाण्याच्या दाबावर फिरणारे एक इंजिनही बनवले, परंतु त्या इंजिनाला ग्राहक मिळाला नाही. माझ्या दृष्टीने याचे कारण यंत्रात शोधण्यापेक्षा पुरवठ्यात शोधावे : दाबाखालचे पाणी घरपोच मिळण्याची सोय नसताना त्यावर चालणारे इंजिन कोण घेणार?

ती सोय १८४५ साली आकाराला येऊ लागली. व्हिटल डीन येथील जलाशयांतून न्यूकॅसलला नळाने पाणी आणण्याच्या योजनेत आर्मस्ट्राँग यांचा पुढाकार होता, आणि शहराचा नदीकाठचा भाग सखल असल्यामुळे तिथल्या नळात घरगुती गरजेपेक्षा कितीतरी जास्त दाब उपलब्ध होता. धक्क्यावरील एक क्रेन स्वखर्चाने या दाबावर चालवून दाखवण्याचा प्रस्ताव त्यांनी मांडला आणि १८४६ मध्ये ती चालू लागली. ती यशस्वी ठरली, आणखी क्रेनची मागणी आली, आणि १८४७ साली त्यांनी वकिली सोडून एल्स्विक येथे कारखाना काढला.

या क्रेनची रचना आजही शिकण्यासारखी आहे. रॅमचा पल्ला लहान आणि बल मोठे, तर क्रेनच्या आकड्याला पल्ला लांब आणि बल त्या मानाने कमी हवे असते. म्हणून त्यांनी कप्प्यांची, म्हणजे दोर फिरवणाऱ्या चाकांची, जोडी उलट्या पद्धतीने वापरली. नेहमी आपण दोर लांबवर ओढतो आणि ओझे थोडेसे वर येते. इथे रॅम दोन्ही टोकांच्या कप्प्यांना एकमेकींपासून दूर ढकलतो आणि साखळीचे मोकळे टोक अनेक पटींनी जास्त सरकते. साखळीचे सहा पदर असतील तर रॅम एक मीटर सरकताच आकडा सहा मीटर वर जातो आणि, घर्षण वगळता, रॅमच्या बलाचा सहावा हिस्सा आकड्यावर मिळतो. ना दातेरी चाके, ना क्लच, ना ब्रेक. ओझे उचलणे, धरून ठेवणे आणि उतरवणे ही तिन्ही कामे एकाच व्हॉल्व्हने होतात. व्हॉल्व्ह पुरवठ्याकडे वळवला की ओझे वर, मध्यावर ठेवला की स्थिर, निकासाकडे वळवला की खाली, आणि व्हॉल्व्ह किती उघडला त्यावर वेग. आजच्या तीन स्थितींच्या डायरेक्शनल व्हॉल्व्हचे काम नेमके हेच असते.

व्हॉल्व्हचा विषय निघालाच आहे तर एका अडचणीवर थोडे थांबायला हवे, कारण द्रवनियंत्रणातील बरीच कसब त्या अडचणीभोवती आहे. वाहते पाणी एकदम थांबवले तर त्याचा संवेग दाबात बदलतो. लोखंडी नळात दाबाची लाट साधारण सेकंदाला १,२०० मीटर वेगाने धावते असे धरले, तर सेकंदाला फक्त एक मीटर वेगाने वाहणारे पाणी अचानक अडवल्यास सुमारे १२ बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब) जास्तीचा दाब उत्पन्न होतो. मूळ दाब सहा बार असेल तर नळाला क्षणभर त्याच्या तिप्पट ताण सोसावा लागतो. या हिशेबाचे सूत्र रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्की यांनी १८९८ साली मांडले. आर्मस्ट्राँग यांच्यासमोर सूत्र नव्हते, फुटणारे नळ होते. शिवाय क्रेनचा बूम, म्हणजे ओझे पेलणारा लांब हात, फिरत असताना व्हॉल्व्ह बंद केला तर बूमचे जडत्व फिरवणाऱ्या सिलिंडरमधील पाण्याला चिरडू पाहते. यावर त्यांनी रिलीफ व्हॉल्व्हचा उपाय योजला : सिलिंडरमधील दाब पुरवठ्याच्या दाबापेक्षा वर गेला की पाण्याला पुरवठ्याच्या नळात परत जाण्याची वाट मोकळी होते आणि बूम धक्का न बसता थांबतो. आज फिरत्या यंत्रांमधील हायड्रॉलिक मोटरच्या दोन्ही बाजूंना जोडून बसवलेले रिलीफ व्हॉल्व्ह हेच काम करतात, आणि ते चुकीच्या दाबावर लावलेले असले की गिअरबॉक्सचे दात का तुटतात हे शोधताना पुन्हा याच मुद्द्यापाशी यावे लागते.

क्रेनमध्ये एक दोषही होता. ओझे हलके असो वा जड, रॅम तितकाच सरकतो, म्हणून पाणी तितकेच लागते. हलक्या ओझ्याच्या वेळी उरलेला दाब व्हॉल्व्हच्या अरुंद वाटेत घर्षणाने संपून जातो. यावर तीन सिलिंडर शेजारी शेजारी ठेवून ओझ्याप्रमाणे एक, दोन किंवा तिन्ही जोडण्याची युक्ती वापरली गेली. ती पायऱ्यापायऱ्यांची होती, पण विचार योग्य होता. ओझ्याला लागेल तेवढाच दाब तयार करणारे आजचे लोड सेन्सिंग पंप हाच दोष सलगपणे दूर करतात. ज्या यंत्रणेत स्थिर दाबाचा पंप आणि फार बदलणारी ओझी एकत्र आली आहेत, तिथे तेल तापण्याची तक्रार हटकून येते, आणि मोठा कूलर बसवणे हा तिच्यावरचा उपाय नसतो.

आता मूळ मुद्दा. सार्वजनिक नळावर चालणाऱ्या क्रेनला नळातील दाबाचे चढउतार सोसावे लागत. शहराचा पाणीवापर वाढला की क्रेन मंदावणार. जिथे डोंगरावरचा जलाशयच नाही तिथे तर पाणी उंच टाकीत चढवण्यावाचून गत्यंतर नव्हते. ग्रिम्सबी बंदरातील मनोरा हे याचे भव्य उदाहरण आहे. १८५२ साली पूर्ण झालेला हा विटांचा मनोरा ३०९ फूट उंच असून त्यात सुमारे २०० फुटांवर पाण्याची टाकी होती, आणि त्या दाबावर गोदीचे दरवाजे व क्रेन चालत. एवढ्या खटाटोपातून दाब किती मिळाला? २०० फूट म्हणजे ६१ मीटर, म्हणजे अवघा सहा बार.

त्याच सुमारास हंबर नदीच्या खाडीवरील न्यू हॉलंड येथे आर्मस्ट्राँग यांना क्रेन बसवायच्या होत्या आणि तिथली जमीन वाळूची असल्यामुळे उंच मनोऱ्याचा पाया परवडणारा नव्हता. तेव्हा त्यांनी उंची सोडून दिली आणि तिच्या जागी वजन आणले. उभ्या सिलिंडरमध्ये एक रॅम, रॅमच्या माथ्यावरून लटकणारी दगडमातीने किंवा लोखंडाने भरलेली प्रचंड पेटी, आणि खालून पाणी भरणारा वाफेचा पंप. पंपाने पाणी आत ढकलले की पेटी वर चढते, आणि कुठलीही क्रेन पाणी घेऊ लागली की पेटी खाली येत त्या पाण्याला दाब देत राहते. पेटीचे वजन बदलत नाही, म्हणून पेटी कुठेही असली तरी दाब जवळजवळ तोच राहतो. या यंत्रणेचा दाब चौरस इंचाला ६०० पौंड आणि पुढे ७०० पौंडांच्या वर ठेवला जाऊ लागला. ६०० पौंड म्हणजे सुमारे ४१ बार. हा दाब टाकीने मिळवायचा तर टाकी ४२० मीटर उंचीवर हवी. दाब जवळपास सातपट झाल्यामुळे त्याच बलासाठी रॅमचे क्षेत्रफळ सातव्या हिश्श्यावर आले, नळ बारीक झाले, व्हॉल्व्ह लहान झाले आणि संपूर्ण यंत्रणा बंदरात सर्वत्र पोहोचवता येईल इतकी आटोपशीर झाली.

अ‍ॅक्युम्युलेटर म्हणजे ऊर्जेचा मोठा साठा, असा समज मला नव्या अभियंत्यांमध्ये वारंवार आढळतो, म्हणून थोडा हिशेब मांडतो. रॅमचा व्यास ४५ सेंटिमीटर आणि पल्ला सुमारे ६.३ मीटर असेल तर त्यात एक घनमीटर पाणी मावते. दाब ५० बार हवा असल्यास पेटी आणि रॅम यांचे मिळून वजन सुमारे ८१ टन लागते. एवढा अवाढव्य डोलारा उभारून साठते किती? ५० लाख जूल, म्हणजे विजेच्या मापाने जेमतेम १.४ युनिट. ऊर्जेचे भांडार म्हणून हे नगण्य आहे. परंतु हीच ऊर्जा ५० सेकंदांत बाहेर काढली तर १०० किलोवॉट मिळतात, आणि ती परत भरायला दहा मिनिटे असतील तर पंपाला सव्वाआठ किलोवॉटच पुरतात. बंदरातील क्रेन थोडा वेळ जोरात चालते आणि बराच वेळ थांबते. त्या थांबण्याच्या काळातली पंपाची मेहनत अ‍ॅक्युम्युलेटर जमा करून ठेवतो. १०० किलोवॉटचे वाफेचे इंजिन आणि त्याचा बॉयलर घेण्याऐवजी लहानसे इंजिन संथपणे चालवून तेच काम होते, यात या शोधाचे सगळे अर्थशास्त्र आहे.

त्याहून मला जास्त मोलाची वाटते ती पेटीच्या माथ्याला जोडलेली साखळी. पेटी वर पोहोचली की ती साखळी पंपाच्या इंजिनाचा वाफेचा व्हॉल्व्ह बंद करत असे. पेटी उतरू लागली की तो पुन्हा उघडत असे. साठा किती आहे हे पेटीची उंचीच सांगते आणि तीच उंची पंपाला आज्ञा देते. मागणी कुठून, केव्हा आणि किती येणार हे पंपाला माहीत असण्याची गरज राहिली नाही, आणि क्रेन चालवणाऱ्यालाही पंपाचा विचार करावा लागला नाही. निर्मिती आणि वापर एकमेकांपासून सुटे झाले, म्हणूनच एकाच पंपघरावर कितीही यंत्रे जोडता येऊ लागली. आज प्रेशर स्विच किंवा अनलोडिंग व्हॉल्व्ह पंपाला भाररहित करतो तेव्हा तो त्या साखळीचेच काम करत असतो.

याचा विस्तार किती झाला याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. हल शहरात १८७० च्या दशकात आणि पुढच्या दशकात लंडनमध्ये दाबाखालचे पाणी विकणाऱ्या सार्वजनिक कंपन्या सुरू झाल्या. लंडनच्या कंपनीचे नळांचे जाळे ऐन भरात सुमारे ३०० किलोमीटरचे होते आणि ते १९७७ पर्यंत चालू राहिले. वीज आल्यावरही इतकी वर्षे ते टिकले, कारण लिफ्ट, क्रेन आणि प्रेस यांना अधूनमधून मोठे बल हवे असते. दुसरे उदाहरण १८९४ साली खुल्या झालेल्या टॉवर ब्रिजचे. त्याची उचलती पाती प्रत्येकी हजार टनांहून जड आहेत, ती उचलण्याचे काम थोड्या वेळाचे आणि मधली विश्रांती लांब. म्हणून आर्मस्ट्राँग यांच्या कंपनीने तिथे वाफेचे पंप आणि सहा अ‍ॅक्युम्युलेटर बसवले होते. १९७० च्या दशकात तिथे तेल आणि विद्युत मोटर आल्या. आर्मस्ट्राँग यांची कीर्ती त्यांच्या तोफांमुळे अधिक पसरली, पण तो या उत्तराचा विषय नाही.

पाण्याची जागा तेलाने का घेतली हे थोडक्यात सांगतो. पाणी थंडीत गोठते, लोखंड गंजवते आणि पंपाच्या सरकत्या भागांना वंगण देत नाही. तेल यंत्राला वंगण देत असल्यामुळे अधिक दाबाचे आणि अधिक वेगाचे, पिस्टन व व्हेन प्रकारचे पंप शक्य झाले. दाब २०० बारच्या वर गेल्यावर ८० टनांची पेटी ठेवण्यात अर्थ उरला नाही आणि तिच्या जागी नायट्रोजन वायू आला. रबरी पिशवीत वायू, बाहेर तेल, दोन्ही एका पोलादी बाटलीत. वजनी प्रकारात उतरणारी पेटी एकदम थांबली की तिचे जडत्व दाबाचा धक्का देई. वायूला जडत्व जवळपास नसल्यामुळे तो उलट धक्के शोषून घेतो. त्याच्या मोबदल्यात आपण स्थिर दाब गमावला, आणि इथेच सर्वाधिक गफलती होतात.

समजा, बाटली १० लिटरची, यंत्रणेचा दाब १०० ते २०० बार आणि वायूचा भरणदाब (बाटलीत तेल नसताना वायूचा असलेला दाब) किमान दाबाच्या ९० टक्के, म्हणजे ९० बार आहे. क्रिया अगदी संथ असेल तर या बाटलीतून साडेचार लिटर तेल मिळते. क्रिया झटपट असेल तर वायू प्रसरण पावताना थंड होतो आणि हाच आकडा सुमारे ३.६ लिटरवर येतो. म्हणजे १० लिटरच्या बाटलीत १० लिटर तेल कधीच नसते. आता वायू हळूहळू गळून भरणदाब ४५ बारवर आला असे धरा. संथ क्रियेतही उपयोगी तेल निम्मे, म्हणजे सव्वादोन लिटर उरते, आणि यंत्रणेचा गेज मात्र पूर्वीसारखाच २०० बार दाखवत राहतो. पंप वारंवार चालू-बंद होऊ लागला, सिलिंडर शेवटच्या टप्प्यात मंदावला, तर पंप बदलण्याआधी भरणदाब तपासावा. तपासणीचे उपकरण हाताशी नसेल तर पंप बंद करून निकासाचा व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडावा आणि गेजवर लक्ष ठेवावे : काटा सावकाश उतरत येतो आणि एका आकड्यावरून एकदम शून्यावर कोसळतो. तो आकडा म्हणजे भरणदाब.

या बाटल्यांबाबत काही गोष्टी आग्रहाने सांगायला हव्यात. पंप बंद झाला म्हणजे दाब गेला असे नसते. बाटलीतील तेल पूर्ण निकासात सोडून गेज शून्यावर आल्याची खात्री केल्याशिवाय एकही जोडणी सैल करू नये. भरण फक्त कोरड्या नायट्रोजनचे करावे. ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले तर स्फोट होतो, आणि साधी हवाही चालत नाही. गळती हाताने चाचपू नये. सुईएवढ्या छिद्रातून निघणारी तेलाची धार त्वचेत शिरते, जखम बाहेरून क्षुल्लक दिसते, आणि आत पेशी मरू लागलेल्या असतात. अशा रुग्णाला दुखत नसले तरी तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

राहिला प्रश्न नव्या यंत्रणेत अ‍ॅक्युम्युलेटर घ्यावा की नाही याचा. त्यासाठी यंत्राच्या एका पूर्ण आवर्तनाचा, कोणत्या सेकंदाला किती तेल लागते याचा आलेख काढावा. सर्वाधिक मागणी सरासरीच्या तिप्पट-चौपट असेल आणि मध्ये विश्रांती असेल, तर पंप सरासरीपेक्षा थोडा मोठा घ्यावा आणि फरक बाटलीवर सोपवावा. मागणी जवळपास सारखीच राहत असेल, तर बाटली म्हणजे केवळ वाढीव देखभाल आणि वाढीव धोका. तिथे मागणीनुसार प्रवाह बदलणारा पंप घेणे योग्य. आणि दाब अजिबात ढळू नये अशी अट असेल, तर वायूच्या बाटलीचे आकारमान पुष्कळ वाढवून दाबातील उतार कमी करता येतो किंवा बाटलीपुढे दाब स्थिर राखणारा व्हॉल्व्ह बसवता येतो. त्या व्हॉल्व्हमध्ये जाणारी ऊर्जा तेलाच्या उष्णतेच्या हिशेबात आधीच धरून ठेवावी.